दोन्ही अंगांची उटी

देवा पांडुरंगा, आज मागणं छोटं आहे, पण ते सांगायला मला फार लांबून यावं लागणार आहे. बेरिंग समुद्रातून. तुला भूगोल सांगायची गरज नाही, तरी सांगते. सगळं सांगून झाल्याशिवाय मला मागता येत नाही, ही माझी सवय तुला ठाऊक आहे.

अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधल्या त्या गार पाण्यात, आणि त्याच्या दक्षिणेला अल्यूशन बेटांच्या माळेत, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची बेटं आहेत. दर उन्हाळ्यात तिथे समुद्रावरून एक पक्षी उतरतो. क्रेस्टेड ऑकलेट त्याचं नाव. आपण त्याला तुरेवाला ऑकलेट म्हणू. वजन जेमतेम पाव किलो. अंग दगडी पाटीसारखं करडं, चोच केशरी, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांची बारीक रेघ आणि कपाळावरून पुढे झुकलेला तुरा. तुरा नरालाही दिलास आणि मादीलाही. हे पक्षी हजारोंनी येतात, दगडांच्या खाचांत शिरून प्रत्येक जोडी एकच अंडं घालते, आणि दिवसभर भुंकल्यासारखा कालवा चालू असतो. आणि देवा, त्यांच्या अंगाला संत्र्याचा वास येतो. नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीचा. त्या बेटांच्या आसपास कुठेही संत्र्याचं झाड नाही, आणि वारा तिकडून असला तर हा वास पाण्यावर दूरवर जातो. हिवाळ्यात तो ओसरतो, चोचीवरची केशरी कवचंही गळून पडतात. लग्नसराईपुरतं लेणं, मग परत समुद्र.

ही तुझी कोणती लहर? सुगंध द्यायचाच होता तर फुलं होती. बर्फाळ वाऱ्यात भिजणाऱ्या, मासळीच्या वासाच्या समुद्रात पोट भरणाऱ्या पाखराला संत्रं का? मी तक्रार करत नाही. नवल करते आहे. तुझ्यापुढे बसून नवल करणं हीही प्रार्थनाच असावी, असं मी आपलं मानून चालते.

नर छाती काढून, मान ताठ करून ओरडतो. मादी ऐकते, बघते, कधी निघून जाते. राहिली तर जवळ येते. मग दोघं वाकतात, माना एकमेकांभोवती घालतात आणि आपली चोच दुसऱ्याच्या मानेवरच्या पिसांत खुपसतात. वास सर्वांत दाट तिथेच असतो. नर मादीचा वास घेतो, मादी नराचा. इयन जोन्स आणि फिओना हंटर या दोघांनी १९९३ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती. लांब तुऱ्याचे नकली पक्षी मांडले तेव्हा माद्यांनी लांब तुऱ्याच्या नराला जास्त दाद दिली, आणि नरांनीही लांब तुऱ्याच्या मादीला तितकीच. म्हणजे पसंती दोन्हीकडून. आमच्याकडे अजून ‘मुलगी बघायला’ जातात, देवा. चार माणसं सतरंजीवर बसतात, एक जण पोह्यांच्या बश्या घेऊन येते, आणि चालून दाखव म्हणणारे लोक आता कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. त्या बेटावर सतरंजी नाही, मधे बसलेला मामा नाही. जो पारखतो त्यालाही मान खाली घालून स्वतःला पारखून घ्यावं लागतं. हा कायदा तू पाखरांसाठी केलास आणि आमच्यासाठी करायला विसरलास की आम्हीच तो मोडला, हे मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तुरा लांबून दिसतो. वास मात्र जवळ गेल्याशिवाय नीट कळत नाही. पंढरपूरला आमच्या पायांना हा फरक माहीत असतो. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, लांबून तुझं मुख दिसतं, हात जोडले की पुढचा माणूस ढकलतो. चरणस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास जातात, आणि अखेर कपाळ तुझ्या पायांवर टेकतं तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. तुळस, बुक्का, लोणी आणि हजारो हातांचा घाम, एवढं नाकाला कळतं. घरी येऊन कोणी विचारलं की देव कसा दिसला, तर मला धड सांगता येत नाही.

त्या संत्र्याच्या वासाचा उलगडा २००३ मध्ये झाला. ज्यूली हेगेलिन, जोन्स आणि बेट्स रासमुसेन यांनी पिसांचा वास रसायनांत उकलला. त्यात ऑक्टॅनल निघालं, जे संत्र्याच्या सालीतही असतं, आणि सिस-४-डेसिनल नावाचं आणखी एक. दोन्ही विणीच्या काळात वाढलेली. यातल्या रासमुसेन बाईंचं मूळ काम हत्तींवरचं. कोवळ्या हत्तीच्या मदाला मधासारखा गोड वास असतो हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये छापलं, आणि आपल्या जुन्या कवींनी हत्तीच्या गंडस्थळावर भुंगे बसवले होते ते काही उगाच नव्हे, हे एका प्रयोगशाळेने मान्य केलं. तर या मंडळींनी पक्ष्यांसमोर निरनिराळे वास ठेवले आणि ते कुठे वळतात ते पाहिलं. आपल्या जातभाईंच्या पिसांकडे पक्षी वळले. नुसत्या त्या दोन रसायनांकडेही वळले. केळ्याच्या अर्काकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. आणि कस्तुरीसारखा उग्र प्राणिज वास ठेवला तेव्हा ते दूर सरले.

कस्तुरी, देवा! जी तुझ्या कपाळी लावायची म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मिरवली, आणि जिच्यापायी हिमालयातली किती हरणं मारली याचा हिशेब तुझ्याकडे असेल. त्या पाखराला त्या वासात बहुधा केसाळ, दाताळ काहीतरी जवळ आल्यासारखं वाटत असेल. त्याच्या बेटांवर माणसांनी फरच्या धंद्यासाठी कोल्हे नेऊन सोडले होते, तेव्हा त्याची भीती खोटी नाही. पण मी अडकले ती दुसऱ्याच जागी. सोळा उपचारांतले गंध, पुष्प, धूप हे आम्ही तुझ्यासाठी ठरवले ते आमच्या नाकाने. तुला कधी विचारलं? ज्याने एका पाखराला कस्तुरीची किळस दिली आणि दुसऱ्या प्राण्याच्या बेंबीत कस्तुरी ठेवली, त्याचं स्वतःचं नाक कसं असेल? अष्टगंधाची डबी उघडताना हल्ली माझा हात जरा थबकतो.

आमच्या नाकाचा आणि डोळ्यांचा तोरा तुला नवा नाही. जवळजवळ दीडशे वर्षं शिकलेली माणसं खात्रीने सांगत होती की पक्ष्यांना वास येत नाही. १८२६ साली जॉन जेम्स ऑड्युबॉन या चित्रकाराने एडिंबरोच्या विद्वानांपुढे आपले प्रयोग मांडले. गवत भरलेल्या हरणाच्या कातड्यावर गिधाडं उतरली, आणि झाकून ठेवलेल्या कुजक्या डुकराकडे फिरकली नाहीत. झालं, निकाल लागला. पुढे त्याचा मित्र जॉन बॅकमन याने सोललेल्या मेंढीचं नुसतं चित्र ठेवलं, तर गिधाडांनी त्यावर चोची मारल्या. चित्रकाराला याहून मोठी पावती कोणती! तिथे नाक हरलं ते हरलंच. अमेरिकेतलं टर्की गिधाड खरं म्हणजे वासावरच जेवण शोधतं, फक्त त्याला फार कुजलेलं आवडत नाही. केनेथ स्टेगर याने १९६४ मध्ये हे नीट लिहून ठेवलं. त्याला दुजोरा मिळाला तो गॅसच्या नळांवर काम करणाऱ्यांकडून: गळतीचा पत्ता लागावा म्हणून गॅसमध्ये मिसळलेल्या दुर्गंधी द्रव्यावर गिधाडं घिरट्या घालत, हे त्या माणसांना आधीच माहीत होतं.

त्याआधी बेट्सी बँग नावाच्या बाई वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढत. पक्ष्यांच्या नाकाच्या पोकळ्या कापून, न्याहाळून रेखाटताना त्यांना वाटलं, इतका गुंतागुंतीचा महाल कोणी रिकामा ठेवायला बांधत नाही. १९६० मध्ये त्यांनी तसं छापलं, आणि १९६८ मध्ये स्टॅन्ली कॉब यांच्यासह १०८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतला वासाचा कंद मोजून दाखवला. दंडुके घेऊन भांडणाऱ्या विद्वानांपेक्षा, समोर आहे ते जसंच्या तसं काढणारा हात मला तुझ्या जास्त जवळचा वाटतो. त्या हाताबद्दल तुझे आभार. आणि १९७९ मधल्या बेल्जियमच्या त्या पाळीव बदकांसाठीही दोन शब्द, ज्यांच्या वासाच्या नसा कापल्या गेल्या आणि मग त्यांचा मादीकडचा ओढा मंदावला. आम्हाला कळावं म्हणून त्यांना मुकावं लागलं. त्यांना तू तुझ्या पद्धतीने काय दिलंस, ते तुझं तुला माहीत.

आता एक गंमत. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीने तिथलं तेल घेऊन तो पिसांना चोपडत असतो. अंगणातली चिमणीही तेच करते. अमेरिकेतल्या जुंको नावाच्या करड्या, चिमणीएवढ्या पक्ष्यात हा तेलाचा वासच जोडीदाराबद्दल बरंच सांगतो. डॅनियल व्हिटेकर या बाईंनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. नराचा वास जितका नरासारखा आणि मादीचा जितका मादीसारखा, तितकी पिल्लं वाढवण्यात त्यांना यश जास्त, असं त्यांना २०१३ मध्ये दिसलं. मग त्यांनी ग्रंथीत प्रतिजैविक टोचून पाहिलं. तिथे राहणारे जिवाणू बदलले, आणि वासही बदलला. म्हणजे ज्या गंधावर जुंको मादीसमोर ऐट करतो, तो निदान काही अंशी बिऱ्हाडकरूंनी बनवलेला. मला हे वाचून फार हसू आलं. मग आपल्या नावावर मी काय काय लावून घेते ते आठवत गेलं, आणि हसू आवरलं.

आणि सुगंधच हवा, असंही तुझं म्हणणं नाही. हुदहुद बघ. गावाकडच्या भिंतीच्या भोकात, जुन्या झाडाच्या ढोलीत त्याची वीण होते. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, पण अंडी उबवणाऱ्या मादीला घाण वास येतो. लहानपणी पोरं नाक धरून पळायची. विणीच्या दिवसांत तिच्या ग्रंथीतून तपकिरी, सडल्यासारखा वास येणारा द्रव येतो. त्यात राहणारे जिवाणू रोगट जंतूंना थोपवतात, आणि ती तो द्रव अंड्यांना चोपडते. निळसर करडी अंडी पाहता पाहता मळकी होतात. स्पेनमधल्या अभ्यासकांनी हे सारं उलगडलं. आणि नर? तो त्या ढोलीच्या तोंडाशी अळ्या घेऊन येतो, तिला भरवतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर रुमाल नाकाला लावून उभे राहणारे पुरुष मी पाहिले आहेत, त्यामुळे हुदहुदाबद्दल माझ्या मनात विशेष आदर आहे.

युरोपातला स्टार्लिंग तर घरट्यात वासाच्या हिरव्या पाल्याच्या काड्या आणून खोचतो. माद्यांवर छाप पाडण्याचा त्याचा तो उद्योग, आपल्याकडच्या गजऱ्याच्या पुडीहून फार निराळा नाही.

सर्वांत जास्त मला धरून ठेवतो तो हिंदी महासागराच्या पार दक्षिणेचा, केर्गेलेन बेटांवरचा प्रायन. निळसर राखाडी, लहानसा. तो जमिनीत बीळ करतो आणि रात्रीच्या काळोखातच परततो, कारण उजेडात स्कुआ नावाचे शिकारी समुद्रपक्षी त्याला मारून खातात. किर्र अंधार, वारा, शेकडो बिळं. आत जोडीदार अंड्यावर बसलेला. फ्रान्सेस्को बोनाडोना आणि गॅब्रिएल नेव्हिट यांनी २००४ मध्ये दाखवलं की दोन वाटा समोर ठेवल्या, एकीकडे स्वतःच्या जोडीदाराचा वास आणि दुसरीकडे त्याच जातीच्या परक्याचा, तर हे पक्षी जोडीदाराच्या वासाकडे जातात. चेहरा न पाहता ‘हे माझं माणूस’ म्हणणं. देवा, ज्यांचं माणूस गेलं आहे आणि ज्यांनी त्याचा सदरा अजून धुतलेला नाही, त्यांना आजच्या प्रार्थनेत मी तुझ्या पदरात घालते. त्यांना कोणी सदरा धुवायला सांगू नये, एवढं बघ.

इथवर मी तुझं कौतुक केलं. आता भांडण.

अल्यूशन बेटांत कसाटोची नावाचं एक बेट आहे. ऑकलेटांची मोठी वसाहत तिथे होती. २००८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे खाचांतली पिल्लं उडायच्या बेताला आली असताना, तू तो डोंगर फोडलास. सात ऑगस्टला स्फोट झाले आणि बेट राखेखाली गेलं. त्या वर्षीची पिल्लं आतच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मोठे पक्षी समुद्रावरून परत आले. खाचा बुजलेल्या. तरी ते तिथे जमले; त्या वर्षी एकही पिल्लू वाढलं नाही. पावसाने आणि लाटांनी हळूहळू राख धुऊन नेली, दगड उघडे पडले, तशी पुढच्या वर्षांत काहींनी पुन्हा घरटी धरली. हे शेवटचं वाक्य तुझ्या बाजूचं, ते मी गाळलेलं नाही. पण ऑगस्टऐवजी ऑक्टोबर चालला नसता का? तोवर खाचा रिकाम्या झाल्या असत्या. मी ज्वालामुखी थांबव म्हणत नाही, पृथ्वीची तुझी काही गणितं असतील. महिना तेवढा विचारते.

दुसरं भांडण तुझ्याशी नाही, पण सांगायला दुसरं दार नाही. २००४ च्या डिसेंबरात उनालास्का बेटाला एक मालवाहू जहाज वादळात आदळून दुभंगलं. पोटात सोयाबीन आणि जळणाचं तेल. खलाशांत भारतातली आणि फिलिपिन्समधली माणसं होती. त्यांना उचलणारं हेलिकॉप्टर लाटेने पाडलं आणि सहा जण गेले. तेल किनाऱ्यावर पसरलं, आणि मेलेली पाखरं गोळा केली तेव्हा त्यांत तुरेवाले ऑकलेट मोठ्या संख्येने निघाले. हिवाळा होता, अंगाचा संत्र्याचा वास तेव्हा ओसरलेला असणार. राहिला असेल तो त्या तेलाचा. रत्नागिरी, रायगडकडची किती पोरं असल्या जहाजांवर सहा-सहा महिने घरापासून लांब असतात, त्यांच्या आया तुझ्यापुढेच दिवा लावतात. त्या सहा जणांना आणि त्या पाखरांना मी वेगवेगळं मोजू शकत नाही. तूही मोजू नकोस.

आता मागणं.

त्या ऑकलेटांविषयी हेक्टर डग्लस याने आणखी एक गोष्ट पाहिली. दोन्ही खांद्यांच्या मधे त्यांना दिव्याच्या वातीसारखी खास पिसं असतात, आणि वास तिथून पाझरतो. प्रणयात ते नुसता वास घेऊन थांबत नाहीत. मान, छाती, चोच त्या पिसांवर घासतात आणि एकमेकांना तो वास माखतात. त्या द्रव्याने उवा-गोचिड्या दूर राहतात असं डग्लसचं म्हणणं, त्यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, तो त्यांचा त्यांना लखलाभ. माझं मन अडकलं ते माखण्याशी. स्वतःच्या पाठीवर चोच पोचत नाही, म्हणून दुसऱ्याने माखायचं. आणि ज्याला माखलं त्यानेही वळून माखायचं.

आम्ही पाडव्यापासून मृगापर्यंत तुला चंदनाची उटी लावतो. उन्हाळा तुला बाधू नये म्हणून. सहाणेवर खोड फिरवून फिरवून मनगट भरून येतं, तेव्हा कुठे वाटीभर गंध निघतं. किती वर्षं, किती हातांनी. ही उटी एकाच बाजूची आहे, विठ्ठला. उन्हाळा मलाही आहे. माझ्याही पाठीवर एक जागा अशी आहे की तिथे माझा हात पोचत नाही. तिथे काय साचलंय ते मला दिसत नाही आणि वास माझा मला येत नाही. सुगंध असेल तर बिऱ्हाडकरूंचा असेल, दुर्गंध असेल तर हुदहुदीसारखा कशाच्या तरी उपयोगाचा असेल, किंवा नसेलही. तू जवळ येऊन बघ. मान मी खाली घातली आहे.

आणि मला हे जमत नाही, मी देव आहे, असं मात्र सांगू नकोस. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन तू राहिलास, कावडीने पाणी भरलंस आणि चंदन उगाळलंस, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हाताला सवय आहे तुझ्या. सहाण धुऊन ठेवली आहे, खोड कोनाड्यात आहे. मला पारखून नापसंत केलंस तर तसं सांग. ती मादी उठून जाते, तसं जायचा हक्क तुलाही आहे. मीही तुला पारखणारच आहे.